बोटभर जागा

मित्रांनो, मी एक जुना पेटारा आहे. लांबीला पाच फुटांहून थोडा कमी, एका टोकाला निमुळता आणि दुसऱ्या टोकाला रांजणासारखा फुगीर. इंदूरच्या पोलोग्राउंडमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, उभ्या फळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून मी असतो. माझा आकार पाहून येणारेजाणारे थबकतात. कुणी म्हणते, ह्यात बंदूक ठेवत असतील. कुणी म्हणते, मोठा पंखा. एका लहान मुलीने तर विचारले होते, "ह्यात बदक झोपतं का?" मला हसू आले, पण लाकडाचे हसू बाहेर ऐकू जात नाही.

माझी सगळी कहाणी ह्या एका उणिवेची आहे. जे मला ठाऊक होते ते मला सांगता येत नव्हते, आणि ज्याला सांगता येत होते तो आठ दिवस गप्प राहिला. मी जन्मभरात एकच वाद्य वाहिले, मित्रांनो. ते माझ्याच पोटात तडकले.

माझे लाकूड गिरणीचे. सुताच्या कांड्या भरून जी खोकी एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरत, त्यांच्या देवदारी फळ्या म्हणजे माझे अंग. गिरणी बंद पडली, यंत्रे गंजू लागली आणि ती खोकी भंगारवाल्याच्या गाडीवर चढली. तिथून मला सोडवून आणले ते रत्नपाल मिस्त्रीने. गिरणीच्या सुतारखान्यात त्याने एकोणीस वर्षे काढली होती. भंगाराच्या ढिगातून फळ्या निवडताना त्याचा हात एका ठिकाणी थांबला. त्या फळीतले खिळे त्यानेच कधीकाळी ठोकलेले होते. आपलेच अक्षर रद्दीत सापडावे, तसा तो त्या खिळ्यांकडे पाहत राहिला.

गिरणी बंद होऊन तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. सन चौऱ्याण्णव चालू होते. शहरात नवी दुकाने उघडत होती, घराघरांच्या गच्चीवर टीव्हीच्या छत्र्या उगवत होत्या, आणि परदेशीपुऱ्यातला रत्नपाल रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून गिरणीच्या गेटासमोर जाऊन बसत होता. गेटाला कुलूप होते. त्याच्यासारखी आणखी चाळीसपन्नास माणसे तिथे बसत. काय वाट पाहतो आहोत हे त्यांनी आपसांत बोलणे सोडून दिले होते. दुपार झाली की एकेक जण उठून जाई, आणि बसलेल्या जागेवर त्याच्या आकाराची तेवढी कोरडी, धूळ नसलेली जागा मागे राही.

त्याला त्या गेटासमोरून उठवले सुलोचनाबाईंनी. बाई रामबागेत गाणे शिकवीत. त्यांचे यजमान त्याच गिरणीत हेडक्लार्क होते. त्यामुळे रत्नपालची कारागिरी बाईंच्या पाहण्यातली. अनंतचतुर्दशीला इंदुरात गिरण्यांच्या झाँक्या, म्हणजे गाड्यांवरचे हलते देखावे, निघत; त्यांतले मान हलवणारे हत्ती आणि पंख मिटणारे गरुड हा माणूस बनवी.

"रत्नपाल, एवढे हत्तीघोडे केलेत तुम्ही," बाई म्हणाल्या, "माझ्या तंबोऱ्याला एक घर करून द्याल?"

"घर काय बाई, महाल करून देतो."

"महाल नको. बसच्या टपावर टिकेल एवढं करा. खांडव्याला न्यायचाय. आमच्या ताईंना ऐंशी पूर्ण होताहेत. मला गाणं शिकवलं त्यांनी. हा तंबोरा त्यांचाच, मला दिलेला. आता त्यांना दिसत नाही. म्हणतात, येशील तेव्हा त्याला घेऊन ये, हात फिरवीन. आजपर्यंत मांडीवर घेऊन नेला, पण ह्या मनगटानं आता तेवढा वेळ धरवत नाही."

आणि निघता निघता त्या आणखी एक वाक्य बोलल्या. "हे काम नीट झालं तर आमच्या संगीत विद्यालयाच्या प्राचार्यांच्या कानावर घालते. दिवाळीनंतर त्यांची दहाबारा वाद्यं पुण्याला जायची आहेत. सगळ्यांना पेटारे लागतील."

दुसऱ्या दिवशी रत्नपालने दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला आणि तो गेटावर गेला नाही. घरामागच्या पडवीत त्याने रंधा काढला. माझ्या फळीवरून पहिला कुरळा छिलका निघाला, तेव्हा मला वाटले, आपण दोघेही एकाच वेळी जन्माला येत आहोत.

त्याने मला मन लावून घडवले. मोजायला तो तीनदा रामबागेत गेला. तंबोऱ्याची दांडी, तिचे आणि भोपळ्याचे जिथे मीलन होते तो गळा, खुंट्या, घोडी, सगळ्यांची मापे त्याने जाड पुठ्ठ्यावर उतरवली. माझे कोपरे पितळी पट्ट्यांनी बांधले. एकही खिळा वर डोकावू दिला नाही. बाहेरून मी निर्दोष होतो, हे आजही मला म्हणता येते. माझा दोष आतला होता.

गिरणीत कापडाच्या गाठी बांधण्याचे एक खाते असे. तिथे थानांची थप्पी यंत्राखाली इतकी दाबत की तिच्यात सुई शिरू नये, आणि मग तिच्यावर लोखंडी पट्ट्या आवळत. त्या खात्याचा एक मंत्र सगळ्या गिरणीला पाठ होता: हललं ते फाटलं. सैल गाठ वाटेत घासते, घासून झिजते. घट्ट गाठ कलकत्त्याला जशीच्या तशी पोचते. रत्नपालने एकोणीस वर्षे हा मंत्र ऐकला होता. त्याने माझ्या पोटात, तळाला, कडांना आणि झाकणाखाली गिरणीच्याच उरल्यासुरल्या रुईच्या गाद्या बसवल्या. जाड, टणक, चहूबाजूंनी घट्ट.

त्याचे वडील भाऊराव दाराशी खाटेवर बसून हे पाहत होते. महूच्या फौजेत त्यांनी बावीस वर्षे काढली होती, आणि ती सगळी बँडच्या सामानखोलीत.

"रतन, इतकं टाइट कशाला करतो?"

"हलू नये म्हणून, बाबा."

"अरे, हलू दे ना थोडं. आमच्याकडे बिग ड्रम असा दाबून भरला असता, तर हवालदारानं आमचीच चामडी काढून त्यावर चढवली असती."

"ड्रम वेगळा, भोपळा वेगळा."

"वेगळाच आहे. चामडं दबतं, भोपळा दबत नाही. मान पकड, बूड टेकव, पोट मोकळं ठेव. चारी बाजूंनी बोटभर जागा. तिथं हवेशिवाय काही नको."

"आणि घाटात गाडी उसळली की तुमची हवा काय करणार? सलाम ठोकणार?"

भाऊरावांनी चष्मा पुसला आणि लेकालाच इंदुरी थाटात भैया केले. "ठीक आहे भिया. तू मिस्त्री, मी पेन्शनर."

मित्रांनो, म्हातारी माणसे हरल्यासारखी गप्प बसतात तेव्हा ती बहुधा हरलेली नसतात. पण हे मला तेव्हा कळले नाही. मी तर खूष होतो. माझे अंतरंग इतके मऊ, इतके भरगच्च. मला वाटले, ह्याहून मोठी माया कोणती?

निघायच्या दिवशी सकाळी बाईंनी तारा उतरवल्या, तंबोऱ्याला कापडी गवसणी घातली आणि रत्नपालने त्याला माझ्यात निजवले. तो क्षण मला आठवतो. भोपळा वजनाने किती हलका असतो, ह्याचे मला नवल वाटले. आत नुसती पोकळी. आणि त्या पोकळीतच त्याचे सगळे गाणे.

झाकण मिटले, पण पुरते मिटेना. अंगठ्याएवढी फट राहिली. बाई म्हणाल्या, "थोडी गादी काढू या का?"

"नाही बाई, बसतं. गाठीचं असंच असतं, शेवटचा जोर लागतो."

त्याने झाकणावर गुडघा टेकला आणि भार दिला. कडी खटकन बसली. माझ्या झाकणाखालची गादी भोपळ्याच्या कुशीला भिडली, आणि मला त्याच्या सालीतून एक अगदी बारीक कुरकुर जाणवली. दात दुखत असलेल्या मुलाने पाहुण्यांसमोर ओठ मिटावेत, तसे काहीसे.

बसस्टँडवर सामान टपावर चढवायला रघुवीर होता. गिरणीच्या पिंजणखात्यातला जुना गडी. तिथली रुई अजून त्याच्या छातीत होती आणि बोलताना मध्येच खोकला येई. गिरणी सुटल्यावर एका खाजगी बसवाल्याकडे तो हमालीला लागला होता. रत्नपालला पाहून तो खुलला.

"काय मिस्त्री, ह्यात काय, मगर?"

"तंबोरा आहे. जपून, रघुवीर. बाईंचा जीव आहे ह्यात."

"जीव आहे तर तिकीट काढ ना भिया, टपावर कशाला?"

त्याने मला खांद्यावर घेतले, शिडी चढला आणि वर सरकवताना माझे निमुळते टोक टपाच्या लोखंडी कठड्यावर आपटले. धप्प. खाली उभ्या असलेल्या सगळ्यांनी माना वर केल्या. बाई ओरडल्या, "अहो, काय करता!"

"काही नाही झालं बाई, नुसती शेपूट लागली."

आणि मित्रांनो, ते खरे होते. त्या टोकाशी पितळी पट्टी होती, तिच्यामागे चार बोटे लाकूड होते आणि आत दांडीच्या टोकाला काहीच झाले नव्हते. त्या धक्क्याने एक खुंटीसुद्धा हलली नाही. मग रघुवीरने मला दोन दोरांनी बांधले, वरून आपले पोते घातले आणि खोकत खोकत तो खाली उतरला.

सिमरोल मागे पडले आणि घाट सुरू झाला. रस्ता उखडलेला होता. गाडी उसळे आणि प्रत्येक उसळीला झाकणाची गादी भोपळ्याच्या कुशीवर बसे. त्याला मागे सरायला जागा नव्हती. डावीकडे गादी, उजवीकडे गादी, खाली गादी. माझी सगळी माया त्याच्याभोवती मुठीसारखी आवळलेली. मी माझ्या फळ्या फाकवण्याचा प्रयत्न केला. पण मला इतके चोख बनवले होते की माझा एकही सांधा ढिला नव्हता. तिसऱ्या की चौथ्या वळणावर, एका खड्ड्यात, तो आवाज झाला. वाळकी फांदी मोडते त्याहूनही लहान. बसमधल्या कुणालाही तो ऐकू गेला नाही.

खांडव्याला एका थंड, शेणाने सारवलेल्या खोलीत बाईंनी माझे झाकण उघडले. ताई अंथरुणावर उशीला टेकून बसल्या होत्या. बाईंनी गवसणी उतरवली. ताईंनी हात पुढे केला. दांडीवरून, गळ्यावरून उतरत त्यांची बोटे भोपळ्याच्या कुशीशी आली आणि भेगेच्या कडेवर थांबली.

"पडला का गं?"

"हो," बाई म्हणाल्या. "हमालानं आपटला."

मी त्याच खोलीत, दोन हातांवर, तोंड उघडून पडलो होतो. माझे तोंड इतके मोठे, आणि त्यातून एक शब्द निघत नव्हता. ताई मात्र पुष्कळ वेळ ती भेग चाचपत राहिल्या. त्या संध्याकाळी शेजारून मागून आणलेल्या सुरपेटीवर बाई गायल्या. मध्येच थांबल्या. पुन्हा गायल्या नाहीत.

इंदुरात परतताच बाई बसवाल्याकडे गेल्या. आपटल्याचा आवाज दहा जणांनी ऐकला होता. आणखी पुरावा काय हवा? बसवाल्याने रघुवीरला दुसऱ्या दिवसापासून येऊ नको म्हणून सांगितले. स्टँडवरच्या पोरांनी त्याचे नाव 'बाजातोड' ठेवले.

मला बाईंनी रत्नपालकडे पाठवून दिले. सोबत निरोप होता: तुमच्या कामात खोट नाही, प्राचार्यांशी बोलणे झाले आहे, दहा पेटाऱ्यांची मापे घ्यायला या.

रत्नपालने मला पडवीत आडवे घातले आणि तो माझ्याभोवती फिरला. पहिल्यांदा बाहेरून. फुगीर टोकाला, जिथे भोपळा असतो, तिथे ओरखडाही नव्हता. धक्का बसला होता तो दुसऱ्या टोकाला, जवळजवळ पाच फुटांवर. त्याच्या कपाळावर एक आठी पडली. मग त्याने झाकण उघडले आणि झाकणाला आतून लावलेली गादी बोटांनी चाचपली. ती गादी भोपळ्याच्या आकारात दगडासारखी दबली होती, आणि तिच्या कापडावर, गवसणीच्या विणीतून झिरपून, भोपळ्याच्या पॉलिशचा तांबूस डाग उमटला होता. बरोबर त्या जागी, जिथे भेग होती.

कारागिराला आपल्या कामातली चूक वाचायला वेळ लागत नाही. तो माझ्या शेजारी उकिडवा बसला.

माझ्या मनात आले, आता हा उठेल आणि सरळ बसस्टँडवर जाईल. तो उठला. त्याने पटाशीने गादीचे टाके उसवले, ते डागाचे कापड आणि आतली रुई काढली आणि शेगडीत घातली.

भाऊराव बाहेरून आले. "काय जाळतोस?"

"कचरा."

म्हाताऱ्याने नाक वर केले. "फौजेत दारूगोळ्याचा वास यायचा, त्यातही मला पॉलिशचा वास वेगळा कळायचा. कचऱ्याला पॉलिश कोण करतं, रतन?"

रत्नपालने शेगडीतली रुई आणखी आत ढकलली. त्या दिवसापासून भाऊरावांनी आपले ताट उचलून दारातल्या खाटेवर न्यायला सुरुवात केली. बापलेक आठ दिवस एका पंगतीला बसले नाहीत.

त्या आठ दिवसांत रत्नपालने काय विचार केला, तो मला कळत होता. कारण एकटा असताना तो माझ्याशी पुटपुटत असे. "आता कळलंय ना कसं करायचं? पुढचे दहा बरोबर करीन. एकही भोपळा फुटणार नाही. मग बोलून काय फायदा? जो फुटला तो काय जुळणार आहे?" आणि थोड्या वेळाने: "रघुवीरला दुसरीकडे मिळेल काम. हमालाला काय, कुठंही मिळतं." हे वाक्य बोलून झाल्यावर तो जास्त जोरात रंधा मारी. विद्यालयात जाऊन त्याने दहा वाद्यांची मापे घेतली. पुठ्ठे कापले. पण फळीला करवत लावायची वेळ आली की त्याला काहीतरी आठवे आणि तो उठून पाणी प्यायला जाई.

मित्रांनो, त्या माणसाला वाईट समजू नका. ज्याने सव्वा वर्ष बंद दारासमोर बसून काढले, त्याच्यासमोर एक दार किलकिले झाले होते. ते पुन्हा मिटू नये म्हणून तो त्याला खांदा लावून उभा होता. फक्त त्या दाराच्या फटीत दुसऱ्या कुणाची तरी बोटे अडकली होती.

सातव्या दिवशी दुपारी रघुवीर पडवीत आला. अंगावर तोच सदरा, दाढी वाढलेली. रत्नपालचा रंधा हातातच राहिला.

"बस ना," तो म्हणाला.

"बसत नाही. एक काम होतं भिया." रघुवीर खोकला. "बाईंना जरा सांगशील? तू मिस्त्री आहेस, तुझं ऐकतील. सांग की रघुवीरनं मुद्दाम नाही केलं."

"मुद्दाम केलं असं कुणी म्हणत नाही."

"म्हणत नाहीत, पण... तुला खरं सांगू? आधी मला वाटायचं, माझ्या हातून काहीच नाही झालं. नुसती शेपूट लागली. मी भांडलो पण मालकाशी. आता रोज तेच आठवतं, तेच आठवतं. धप्प. आणि आता मला वाटतं, जोरातच लागली असेल. छातीत कळ आली असेल त्या वेळी, हात सुटला असेल. सगळे म्हणतात म्हणजे झालंच असेल ना?"

रत्नपाल जमिनीवरच्या छिलक्यांकडे पाहत होता.

मग रघुवीर माझ्याजवळ आला. त्याने माझ्या निमुळत्या टोकावरच्या पितळी पट्टीवर तळवा ठेवला, जिथे त्या दिवशी कठडा लागला होता. "माफ कर रे बाबा," तो मला म्हणाला.

मला म्हणाला, मित्रांनो! ज्याने तो भोपळा फोडला होता, त्याला. त्या तळव्याची ऊब माझ्या लाकडात अजून आहे, आणि ती मला अजून सोसत नाही. पाऊस, वाळवी, उन्हाळा, मी सगळे पाहिले; त्या एका क्षमायाचनेइतके मला कशानेही आतून पोखरले नाही.

रघुवीर गेला. रत्नपालने त्याला हाक मारली नाही. तो दाराशी गेला, थांबला, परत आला, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या शेजारी जमिनीवर बसून राहिला.

सकाळी त्याने मला सायकलच्या कॅरिअरवर उभे बांधले आणि रामबागेत नेले. बाईंची शिकवणी चालू होती. सहासात मुली सतरंजीवर बसल्या होत्या. रत्नपालने मला त्यांच्यासमोर आडवे घातले आणि झाकण उघडले.

"बाई, रघुवीरची चूक नाही. माझी आहे. मी गाठ बांधतात तसा दाबून भरला. तुम्ही म्हणाला होतात गादी काढू या, मी गुडघा दिला. बाबांनी पण सांगितलं होतं. डागाचं कापड माझ्याकडे होतं, मी ते जाळलं."

हे सगळे त्याने एका श्वासात म्हटले, पाठ केल्यासारखे. मुली एकमेकींकडे पाहू लागल्या. बाईंचा चेहरा हळूहळू पांढरा झाला.

"कधी कळलं तुम्हाला?"

"ज्या दिवशी पेटारा परत आला."

"म्हणजे आठ दिवस." बाई उठल्या. "आठ दिवस तुम्ही काय करत होतात, रत्नपाल?"

रत्नपालने माझे झाकण हळूच मिटले.

"भोपळा फुटला ह्याचं मी काहीतरी करीन," बाई म्हणाल्या. "पण मी ताईंना काय सांगून आलेय! त्या माणसाचं नाव घेऊन सांगून आलेय. तुम्ही मला खोटं बोलायला लावलंत, आणि मला माहीतही नव्हतं." त्यांनी चपला घातल्या. "मुलींनो, शिकवणी संपली. आणि रत्नपाल, हा पेटारा घेऊन जा. मला तो डोळ्यांसमोर नको."

त्या पायीच बसस्टँडकडे गेल्या. बसवाल्याने ऐकून घेतले, पण तोवर त्याने दुसरा माणूस ठेवला होता. रघुवीरला आणखी दीड महिन्याने सांवेरच्या गाडीवर काम मिळाले. विद्यालयाने पेटाऱ्यांचा विचार सोडला. वाद्ये ज्याने त्याने हातात धरून नेली. भोपळ्याला आतून कापडाची पट्टी चिकटवून चिंतामण नावाच्या कारागिराने भेग बुजवली. तंबोरा वाजू लागला. पण त्याचा खर्ज पूर्वीसारखा खोलवर जाऊन परत येत नाही, अर्ध्या वाटेवरून मागे फिरतो, असे बाईंच्या एका विद्यार्थिनीने नंतर कधीतरी सांगितले.

रत्नपाल मला घेऊन घरी आला त्या दुपारी भाऊराव दारात उभे होते. त्यांनी घरात जाऊन आपले ताट आणले आणि मुलाच्या शेजारी मांडले. जेवण झाल्यावर म्हणाले, "बाजारात जा. खाटेची नवार घेऊन ये, चांगली रुंद."

बापलेकांनी मिळून माझ्या सगळ्या गाद्या काढल्या. दांडीसाठी दोन खोबणी केल्या, बुडाला एक आधार दिला, आणि भोपळ्याच्या जागेभोवती नवारीची झोळी अशी ताणली की तो अधांतरी राहावा आणि कुठल्याच भिंतीला लागू नये. भाऊरावांनी चारी बाजूंनी आपले बोट फिरवून पाहिले. आता मी आतून बरोबर आहे. फक्त, त्यानंतर माझ्यात कुणी काही ठेवले नाही.

पुढे रत्नपालला पोलोग्राउंडमध्ये पंपांसाठी खोकी बनवण्याचे काम मिळाले, आणि मी त्याच्याबरोबर ह्या शेडमध्ये आलो. भाऊराव गेले. लाकडी खोक्यांच्या जागी पुठ्ठा आणि थर्माकोल आला, तरी मालकाने रत्नपालला ठेवून घेतले. भरण्याआधी तो वस्तूला हात लावून विचारात पडतो, म्हणून.

रघुवीर कधी कधी इथे चहाला येतो. त्याने रत्नपालला क्षमा केली असे तो कधी म्हणाला नाही. चहा मात्र पितो. गेल्या पौषात तो आला तेव्हा म्हणाला, "काल बाई दिसल्या स्टँडवर, मिस्त्री. खांडव्याच्या गाडीला."

"मी होतो तिथंच," रत्नपाल म्हणाला.

"मग सांग ना सगळं. ह्या पेटाऱ्याला पण ऐकू दे."

रत्नपाल बशीत चहा ओतू लागला. रघुवीरनेच सांगितले. बाई आता तंबोरा गवसणीत घालून हातातच नेतात. तिकिटे दोन काढतात. खिडकीकडची जागा तंबोऱ्याची. मनगटाला पट्टी बांधलेली. त्या दिवशी बसच्या पायऱ्या उंच होत्या, एका हाताने बसच्या दाराचा दांडा धरला तर दुसऱ्या हाताने तंबोरा पेलेना. गर्दीत रत्नपाल उभा होता. तो पुढे झाला नाही. बाईंनी त्याला पाहिले. इतक्या वर्षांत एक शब्द बोलणे नव्हते. त्या पायरीवरून मागे वळल्या, आणि मग तंबोरा त्याच्यापुढे करून म्हणाल्या, "धरा जरा."

"आणि हा," रघुवीर माझ्याकडे पाहून म्हणाला, "असा धरून उभा, असा, जसं काही धुरानं बनलंय ते. तीन पायऱ्या, एवढंच. मग बाईंनी वरून हात दिला आणि घेतला. थँक्यू नाही, काही नाही. गाडी सुटली तरी ह्याचे हात तसेच!"

रत्नपाल उठून बशा विसळायला गेला.

मित्रांनो, तुमच्याही हाती नाजूक वस्तू येतील: वाद्ये, काचा, पक्ष्यांची अंडी, माणसे. त्यांना आवळून धरू नका. मानेला आधार द्या, बुडाला टेकू द्या आणि मधे थोडी जागा त्यांची त्यांना राहू द्या. वाद्याच्या तारा उतरवा, टपावर ठेवू नका, आणि म्हातारे काही सांगत असतील तर हातातले काम क्षणभर थांबवा. आणि एवढे करूनही तुमच्या हातून काही तडकले, तर ते त्याच संध्याकाळी सांगा. आठ दिवस फार असतात. तेवढ्यात एखादा निर्दोष माणूस स्वतःलाच दोषी समजू लागतो.